एक जास्तीचं अक्षर

पत्रिका जुळली, गोत्र वेगळं निघालं, मुलाची नोकरीही घरच्यांना पसंत पडली. साखरपुड्यासाठी हॉल बघणं सुरू झालं आणि एका रात्री साडेअकराला माझ्या मैत्रिणीचा फोन आला. ‘‘एक विचारू? हसू नकोस. मावशीच्या मुलाला जे आहे ना, ते माझ्या मुलांना होऊ शकतं का?’’

मैत्रीण मुंबईत वाढलेली अगरवाल. मराठी माझ्याइतकंच फाडफाड बोलते, भांडताना तर मराठीतच भांडते. तिच्या मावशीचा मुलगा मी पाहिलेला होता. त्यांच्या बिल्डिंगखाली क्रिकेट चालायचं तेव्हा तो प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून अंपायरिंग करायचा, डोक्यावर सायकलचं हेल्मेट घालून. आम्हाला वाटायचं, स्टाइल मारतोय. त्याला आम्ही ‘थर्ड अंपायर’ म्हणायचो आणि तोही हसायचा. त्या हेल्मेटचं कारण मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं.

त्या फोननंतर मी जे वाचलं, डॉक्टरांना जे विचारलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतंय. कारण आपल्यापैकी बरेच जण आज ना उद्या ‘स्थळ’ या शब्दाच्या आसपास फिरणार आहेत. अरेंज्ड असो की लव्ह, त्यात फरक नाही.

तर त्या आजाराचं नाव आहे मेगॅलएन्सेफॅलिक ल्युकोएन्सेफॅलोपथी विथ सबकॉर्टिकल सिस्ट्स. दमलात? डॉक्टरही दमतात, म्हणून ते ‘एमएलसी’ म्हणतात. (विधान परिषदेच्या आमदारांचा इथे काही संबंध नाही.) सुरुवात अगदी साध्या गोष्टीने होते. बाळ पहिल्या वर्षातलं आणि डोकं जरा भराभर वाढतंय. टोपडं बसत नाही. आजी कौतुकाने म्हणते, ‘सर बडा सरदार का.’ बाळ हसतं, बोलायला लागतं, थोडं उशिरा का होईना पण चालायलाही लागतं. काही वर्षं जातात. मग चाल बदलते, तोल जातो, पाय कडक होतात. पुढे अनेक मुलांना आकडी येते. बरीच मुलं शाळेच्या वयातच किंवा त्यानंतर केव्हातरी व्हीलचेअरवर येतात. प्रत्येकाचा वेग मात्र वेगळा असतो, अगदी सख्ख्या भावंडांतसुद्धा.

आणि एक विचित्र गोष्ट. या मुलांना डोक्यावर पडणं परवडत नाही. तुम्ही-आम्ही घसरगुंडीवरून पडलो तर टेंगूळ येतं, आई हळद लावते, विषय संपतो. एमएलसी असलेल्या मुलाला तेवढ्याशा माराने आकडी येऊ शकते, शुद्ध हरपू शकते, आधी जमणारं चालणं काही काळ बंद होऊ शकतं. म्हणून हेल्मेट. म्हणून बॅटिंग नाही, अंपायरिंग.

आता डॉक्टरांच्या बाजूने बघा. समोर एक हसरं मूल बसलंय, गप्पा मारतंय. शेजारी त्याचा एमआरआय. मेंदूत व्हाइट मॅटर नावाचा भाग असतो, म्हणजे एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे संदेश नेणाऱ्या तारांचे जुडगे आणि त्यांच्यावरचं वेष्टण. या मुलाच्या एमआरआयमध्ये तो भाग सगळीकडे सुजलेला, त्यात पाणी भरलेलं आणि कानशिलांच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पिशव्यांसारख्या पोकळ्या. नुसतं चित्र पाहिलं तर वाटेल, हे मूल अंथरुणाला खिळलेलं असणार. पण ते तर खुर्चीत बसून पाय हलवतंय. हा विरोधाभास हीच या आजाराची ओळख ठरली. नेदरलँड्समधल्या डॉ. मार्यो वान डर क्नाप आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अशा आठ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. मेंदू इतका बिघडलेला दिसतो आणि मूल त्या मानाने इतकं बरं कसं, हा प्रश्न त्या लेखाच्या शीर्षकातच होता.

पण ही गोष्ट फक्त नेदरलँड्सची नाही. साधारण त्याच काळात मुंबईत, मरीन लाइन्सजवळच्या बॉम्बे हॉस्पिटलमध्ये न्यूरॉलॉजिस्ट डॉ. भीमसेन सिंघल आणि त्यांचे सहकारी अशीच मुलं तपासत होते. मोठं डोकं, हळूहळू बिघडणारी चाल, एमआरआयवर सुजलेला व्हाइट मॅटर. एमआरआय तेव्हा भारतात नवीन होता. तो नसता तर ही मुलं बहुधा ‘स्पास्टिक’ असा सरसकट शिक्का घेऊन घरी गेली असती. या डॉक्टरांच्या लक्षात एक गोष्ट आली, जी कुठल्याच मशीनने सांगितली नव्हती. मुलं वेगवेगळ्या घरांतली, एकमेकांना न ओळखणारी. पण आडनावं विचारली, समाज विचारला, तर पुन्हा पुन्हा एकच उत्तर. अगरवाल. १९९६ मध्ये त्यांचा शोधनिबंध ‘पेडियाट्रिक न्यूरॉलॉजी’ या जर्नलमध्ये आला, तो याच निरीक्षणावर. आजही काही जण या आजाराला ‘वान डर क्नाप-सिंघल’ अशा जोडनावाने ओळखतात.

हा भाग मला सगळ्यात आवडला. जनुकशास्त्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरे कोट, निळ्या लाइट्स आणि रोबो येतात. इथे सुरुवात झाली ती ओपीडीत, केसपेपरवरच्या आडनावापासून.

आडनावापासून अक्षरापर्यंत

पुढचा प्रश्न उघड होता. इतक्या घरांत तोच आजार म्हणजे तो आनुवंशिक आहे. पण कुठे शोधायचा? आपल्या प्रत्येक पेशीत साधारण तीन अब्ज अक्षरांचा मजकूर आहे, त्यात वीसेक हजार जनुकं. अक्षरं फक्त चार: ए, टी, जी, सी. त्यात चूक कुठे आहे ते शोधायचं म्हणजे दादरच्या गर्दीत ‘निळा शर्ट घातलेला माणूस’ शोधण्यासारखं. मग शास्त्रज्ञ काय करतात? ज्या कुटुंबांत आजार आहे त्यांची गुणसूत्रं घेतात आणि बघतात की आजारी मुलांत कुठला तुकडा नेमाने सारखा येतो. जवळच्या नात्यात लग्न झालेल्या घरांत हे जास्त सोपं जातं, कारण मुलाकडे त्या तुकड्याच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. तुर्कस्तानातल्या अशा कुटुंबांवरून २००० मध्ये जागा सापडली: २२ नंबरच्या गुणसूत्राचं टोक. २००१ मध्ये नेमकं जनुक सापडलं, त्याला एमएलसी१ असं नाव मिळालं. आणि २००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी डॉ. सिंघल यांच्यासोबत अगरवाल रुग्णांचा डीएनए तपासला तेव्हा दिसलं की त्यांच्यात एकच, अगदी तोच बदल आहे. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात, जिथे नको तिथे, एक जास्तीचं ‘सी’.

एक अक्षर. बस्स.

एका अक्षराने काय होतं, असं वाटत असेल तर हे वाचा. पेशी जनुकातला मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचते. मधे जागा सोडलेली नसते, ती मोजत जाते. समजा मजकूर असा आहे:

अमर कमळ पकड उचल

आता ‘अमर’नंतर एक ‘न’ चुकून घुसला. पेशी तशीच तीन-तीन मोजत राहणार:

अमर नकम ळपक डउच ल

बिघडलं एक अक्षर, पण त्यापुढचा सगळा मजकूर गेला. याला फ्रेमशिफ्ट म्हणतात. एमएलसी१ मध्ये प्रथिनाचा मजकूर साधारण अकराशे अक्षरांचा आहे आणि ही चूक सव्वाशे-दीडशेच्या आसपास होते. म्हणजे परीक्षेत पहिल्याच पानावर उत्तरांचे नंबर एकाने सरकले आणि पुढची सगळी उत्तरपत्रिका चुकली.

ते प्रथिन करतं काय? मेंदूत न्यूरॉन्सखेरीज ॲस्ट्रोसाइट नावाच्या ताऱ्यांसारख्या पेशी असतात. त्यांचे पाय रक्तवाहिन्यांना चिकटलेले असतात. मेंदूतलं पाणी आणि क्षार यांची ने-आण सांभाळणं हे त्यांचं एक काम, आणि एमएलसी१चं प्रथिन नेमकं त्या पायांमध्ये बसलेलं असतं. ते नसलं की पाण्याचा हिशोब बिघडतो आणि तारांवरच्या वेष्टणात पाण्याचे बुडबुडे साठायला लागतात. तारा तुटलेल्या नसतात, ओल्या झालेल्या असतात. त्या भयंकर एमआरआयसमोर बसलेलं मूल हसू का शकतं, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

फसलेली जोडी

इथे थांबून एक किस्सा सांगते, कारण तो ऐकल्याशिवाय ‘जनुक सापडलं’ या बातम्या वाचूच नयेत.

२००१ मध्येच, याच जनुकाबद्दल एक वेगळा दावा प्रसिद्ध झाला होता. जर्मनीतल्या संशोधकांना एका मोठ्या कुटुंबात एका प्रकारचा स्किझोफ्रेनिया पिढ्यान्‌पिढ्या दिसत होता. त्या कुटुंबातल्या रुग्णांमध्ये त्यांना याच जनुकात एका अक्षराचा बदल सापडला. झालं, निष्कर्ष निघाला की हा बदल त्या आजाराचं कारण असावा. जनुकाला त्यांनी स्वतःचं वेगळं नावही दिलं. पुढे इतरांनी पडताळणी केली तेव्हा तो संबंध टिकला नाही. एमएलसी असलेल्या मुलांच्या आईवडिलांकडेही या जनुकाची एक बिघडलेली प्रत असतेच, आणि त्यांना काही स्किझोफ्रेनिया होत नाही. तो बदल त्या कुटुंबात होता हे खरं. पण घरात चोरी झाली त्या दिवशी दूधवाला आला होता, एवढ्यावरून दूधवाला चोर ठरत नाही.

तुमचा माझा पूर्ण डीएनए वाचला तर प्रमाण मजकुरापेक्षा ४० ते ५० लाख ठिकाणी फरक निघेल. बहुतेक सगळे निरुपद्रवी. काही फरक फक्त आपल्या घराण्यात असतील. एखाद्या आजारी मुलाच्या रिपोर्टात असा एखादा दुर्मीळ फरक दिसला, तर तो आजाराचं कारण आहे की नुसता शेजारी उभा आहे, हे ठरवणं हेच खरं काम. मग बघायचं: आईवडिलांकडून एकेक प्रत आली आहे का? निरोगी भावाकडे दोन्ही प्रती बिघडलेल्या तर नाहीत ना? जगात दुसऱ्या कुठल्या मुलाला हाच बदल आणि हाच आजार आहे का? निरोगी लोकांमध्ये हा बदल सर्रास दिसतो का? २०१५ पासून प्रयोगशाळा अशा निकषांवर प्रत्येक बदलाला पाच खणांपैकी एकात टाकतात. एका टोकाला ‘आजाराला कारण’, दुसऱ्या टोकाला ‘निरुपद्रवी’ आणि मधोमध ‘अर्थ अनिश्चित’. रिपोर्टवर हा मधला खण ‘व्हीयूएस’ या तीन अक्षरांनी येतो, आणि आईवडिलांची झोप उडवतो. व्हीयूएस म्हणजे वाईट बातमी नाही. ती बातमीच नाही, निदान अजून तरी.

आपल्याकडे या मधल्या खणाची गर्दी जास्त असते, त्यालाही कारण आहे. तुलनेसाठी वापरले जाणारे जगातले मोठे डेटाबेस बऱ्याच अंशी युरोपीय वंशाच्या लोकांचे. एखादा बदल तिथे दुर्मीळ दिसला तरी आपल्या खान्देशात किंवा कोकणात तो घरोघरी असू शकतो आणि त्याने कुणाचं काही बिघडलेलंही नसेल. हे कळायला आपला स्वतःचा डेटा लागतो. ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पात देशातल्या ऐंशीहून जास्त समाजगटांतल्या सुमारे दहा हजार लोकांचे जीनोम वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये हा डेटा संशोधकांसाठी खुला झाला. ही बातमी आतल्या पानावर कुठेतरी होती. मला विचाराल तर ती पहिल्या पानाची होती.

नाव कळून उपयोग काय?

हा प्रश्न मैत्रिणीच्या मावशीलाही लोक विचारत. औषध नाहीच, तर एवढे पैसे घालून तपासायचं कशाला? प्रश्न चुकीचा नाही. एमएलसीवर आज बरं करणारा उपचार नाही. आकडीची औषधं, फिजिओथेरपी आणि हेल्मेट, एवढंच हातात आहे. बार्सिलोनातले संशोधक उंदरांवर जीन थेरपी करून बघताहेत. पण उंदीर आणि माणूस यांच्यात बरीच वर्षं असतात.

तरीही नाव लागतं. याच आजाराचं बघा. सगळ्या मुलांमध्ये एमएलसी१ बिघडलेलं नसतं. २०११ मध्ये ग्लायलकॅम नावाचं दुसरं जनुक सापडलं. त्यातल्या काही बदलांमुळे होणारा आजार सुरुवातीला हुबेहूब असाच दिसतो, एमआरआयही तसाच भयंकर, पण पुढे ती मुलं सुधारतात. चाल सुधारते, एमआरआयही निवळतो. दोन बाळं, दोन सारखी चित्रं आणि दोन पूर्ण वेगळी आयुष्यं. कुठलं बाळ कुठल्या वाटेवर आहे हे फक्त जनुक सांगतं. अशा वेळी आईवडिलांना काय सांगायचं, हे त्या एका रिपोर्टवर अवलंबून असतं.

मेंदूच्या इतर आजारांत तर नाव कळलं की औषधच बदलतं. ड्रॅव्हे सिंड्रोममध्ये बाळाला तापात दीर्घ आकड्या येतात. बहुतेक मुलांत एससीएन१ए या जनुकात बिघाड असतो, आणि बहुधा तो आईवडिलांत नसतोच, बाळातच नव्याने आलेला असतो. अशा मुलाला आकडीचं नेहमीचं एखादं औषध, उदाहरणार्थ कार्बामाझेपिन, दिलं तर आकड्या वाढू शकतात. उलट एएलडीएच७ए१ नावाचं जनुक बिघडलेलं असेल, तर कुठल्याच औषधाला न जुमानणाऱ्या आकड्या थांबतात त्या बी-सिक्स व्हिटॅमिनने. साधं व्हिटॅमिन, मेडिकलच्या दुकानात मिळणारं. फक्त डोस मोठा आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आयुष्यभर. आपल्याला दुर्मीळ आजार म्हटलं की सोळा कोटींचं इंजेक्शन आठवतं, त्यासाठी व्हॉट्सॲपवर फिरलेली आवाहनं आठवतात. ते एसएमए या आजारासाठीचं. सगळ्याच गोष्टी तिथे जाऊन संपत नाहीत.

आणि एक उपयोग आहे ज्याबद्दल कमी बोललं जातं. मूल आजारी निघालं की आपल्याकडे बोट कुणाकडे जातं? आईकडे. गरोदरपणात काय खाल्लंस, ग्रहणात बाहेर का गेलीस, तुझ्या माहेरी कुणाला होतं का. मैत्रिणीच्या मावशीने हे सगळं ऐकलेलं आहे, कितीतरी वर्षं. मग रिपोर्ट आला. त्यात दोन ओळी होत्या: एक प्रत आईकडून, एक प्रत वडिलांकडून. घरातला आवाज त्यानंतर जरा खाली आला, असं मैत्रीण सांगते.

गोत्र, नाडी आणि २२ नंबर

आता तुमच्या-माझ्या कामाचा भाग.

एमएलसी रिसेसिव्ह आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक बिघडली तर दुसरी काम भागवते; तुम्ही ठणठणीत असता, फक्त ‘वाहक’ असता. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता की बाळाकडे दोन्ही बिघडलेल्या प्रती जातील. ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन सुरक्षित’ असं अजिबात नाही. नाणं दर वेळी नव्याने उडवलं जातं, त्याला मागचं काही आठवत नाही.

पण अगरवाल लोक तर गोत्र काटेकोर पाळतात. मग हे कसं? गोत्र चालतं वडिलांकडून. तुमचे पणजी-पणजोबा मोजा, आठ होतात. तुमचं गोत्र त्या आठांतल्या एकाची माहिती देतं. आईकडचंही बघितलं तर दोघांची. उरलेल्या सहांनी तुम्हाला काय दिलं हे गोत्राला माहीत नसतं. आणि शेकडो वर्षं लग्नं समाजाच्या आतच झाली, तर फार पूर्वीच्या एखाद्या पूर्वजातलं ते जास्तीचं ‘सी’ गोत्रांच्या भिंती ओलांडत आरामात सगळीकडे पोचतं. शास्त्रात याला फाउंडर इफेक्ट म्हणतात. नाडीदोष बघणाऱ्या गुरुजींनाही ते दिसणार नाही. ३६ पैकी ३६ गुण जुळले तरी नाही.

आता ‘हे त्यांच्यात असतं’ असं म्हणून कुणी पान उलटू नका. लिबियातून आलेल्या ज्यू लोकांमध्ये याच जनुकातला दुसरा एक बदल असाच पसरलेला आहे. टे-सॅक्स हा बाळाचा मेंदू निकामी करणारा आजार पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचा म्हणून प्रसिद्ध, पण गुजरातमधल्या रुग्णांतही त्याचा स्वतःचा एक खास बदल वारंवार सापडलाय. थॅलेसेमियाचं सिंधी आणि लोहाणा समाजाबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. एसएमएचे वाहक तर जगभर सगळ्याच समाजांत आहेत, साधारण ४०-५० माणसांत एक. आणि मराठी घरांत मामाची मुलगी करायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांचा सरासरी एक अष्टमांश डीएनए सारखा असतो. म्हणजे तुम्ही कशाचेही वाहक असाल, तर तुमची मामेबहीण त्याचीच वाहक असण्याची शक्यता निदान आठात एक. ‘घरातलीच मुलगी आहे, सगळं माहितीतलं आहे’ असं मोठी माणसं म्हणतात. जे माहितीतलं नाही, नेमकं तेच इथे सारखं असू शकतं.

समाजाने मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण टे-सॅक्सचंच आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर-वॉशिंग्टन भागात डॉ. मायकेल काबाक यांनी ज्यू समाजाला सोबत घेऊन वाहक तपासणी सुरू केली. अमेरिका-कॅनडातल्या त्या समाजात टे-सॅक्स झालेल्या बाळांचा जन्म नंतरच्या काळात नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. पण कर्मठ ज्यूंमध्ये लग्नं ठरवूनच होतात, अगदी आपल्यासारखी, आणि ‘वाहक’ असा शिक्का बसला तर मुलीचं लग्नच जमणार नाही, ही भीतीही अगदी आपल्यासारखीच. न्यूयॉर्कचे रब्बी योसेफ एकस्टाइन यांची चार मुलं टे-सॅक्सने गेली. त्यांनी १९८३ मध्ये ‘दोर येशोरिम’ ही संस्था काढली. तिथे तरुण मुलामुलींचं रक्त तपासतात, पण निकाल कुणालाच सांगत नाहीत. प्रत्येकाला फक्त एक नंबर मिळतो. स्थळ आलं की दोन्ही नंबर कळवायचे. उत्तर येतं, जुळतंय की नाही. कोण वाहक आहे हे त्या कुटुंबांनाही कळत नाही. मला स्वतःला हे पूर्ण पटत नाही. आपल्याच शरीराची माहिती आपल्यापासून लपवायची, हे जरा अतीच झालं. पण शिक्क्याची भीती किती खरी असते, हे त्या माणसाला माझ्यापेक्षा नक्कीच जास्त कळत होतं.

मग करायचं काय

मैत्रिणीचा हिशोब मी कागदावर मांडला. मावशी नक्की वाहक. म्हणजे आजी-आजोबांपैकी निदान एकजण वाहक. मग मैत्रिणीची आई वाहक असण्याची शक्यता दोनात एक आणि मैत्रिणीची चारात एक. वडिलांकडून काही आलं असेल तर ते वेगळं. होणारा नवरा त्याच समाजातला. एवढं असल्यावर ‘काही होत नाही गं’ म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नव्हती.

तिला सगळा जीनोम वाचायची गरजच नव्हती. घरात नेमका बदल माहीत असला की काम सोपं. मावसभावाच्या रिपोर्टची प्रत घ्यायची, ती जेनेटिक्सच्या डॉक्टरांना किंवा जेनेटिक काउन्सेलरना दाखवायची आणि तेवढी एकच जागा रक्तात तपासून घ्यायची. यात महत्त्वाचा आहे तो जुना रिपोर्ट. तोच कुणाच्या कपाटात सापडत नाही. ‘काहीतरी मेंदूचं होतं’ एवढ्यावर प्रयोगशाळा काही शोधू शकत नाही. तुमच्या घरात असं मूल असेल, किंवा होतं, तर त्याच्या रिपोर्टचा फोटो आजच स्वतःकडे ठेवा. ऑनलाइन मिळणारे थुंकीचे किट या कामाचे नाहीत. ते तुमचे पूर्वज कुठले आणि तुम्हाला कोथिंबीर आवडेल का हे सांगतात, आणि तुमच्या घरातला नेमका बदल बहुतेक वेळा बघतच नाहीत.

दोघंही वाहक निघाले तर? लग्न मोडायचं असं कुठेही लिहिलेलं नाही. गरोदरपणाच्या अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीक नमुना घेऊन बाळाची तपासणी करता येते. लिंगनिदान कायद्याने बंद आहे, पण नोंदणीकृत केंद्रात आनुवंशिक आजारासाठीची तपासणी तोच कायदा करू देतो. आयव्हीएफ करून गर्भ आधी तपासण्याचा मार्गही आहे, महागडा. दत्तक आहे. किंवा काहीच न तपासता पुढे जाणं, तेही आहे. यातलं काय निवडायचं हे त्या दोघांनी ठरवायचं. काउन्सेलरचं काम माहिती देणं, निर्णय देणं नाही. तुम्हाला कुणी निर्णयच ऐकवायला लागलं, तर दुसरा काउन्सेलर शोधा.

एक गोष्ट मात्र खटकते. मैत्रिणीने हे सगळं मावसभावासमोर बोलायचं टाळलं. ‘‘त्याला काय वाटेल? त्याच्यासारखं मूल नको म्हणून मी रक्त देतेय?’’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेवटी तिला कळलं ते त्याच्याकडूनच. त्याने रिपोर्टचा फोटो तिला स्वतःहून पाठवला, खाली लिहिलं: ‘दीदी, लग रहा है रिव्ह्यू लेना पडेगा.’

तिचा निकाल आला. ती वाहक आहे. घरी सांगितलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, ‘‘मुलाकडच्यांना सांगायलाच हवं का?’’ मैत्रिणीने सासरकडच्यांच्या आधी थेट त्या मुलालाच फोन केला, चाळीस मिनिटं बोलली, ‘अमर कमळ’सकट सगळं समजावलं. तो म्हणाला, रक्त कुठे द्यायचं सांग.

त्याने गेल्या सोमवारी दिलं. रिपोर्ट यायला अजून वेळ आहे. काल तिचा मेसेज आला: ‘शनिवारी साडी बघायला चल. आणि अंपायरलाही घेऊन जायचंय, त्याला सूट शिवायचाय.’